तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि कोणते मार्कर मागायचे

गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी दोन-तीन पानांचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या गाठीच्या मायक्रोस्कोपखालच्या तपासणीचा रिपोर्ट, हातात पडतो. घरात फाइल सांभाळणारा जो कोणी असतो, तो आधी शेवटची ओळ बघतो आणि मग इंटरनेटवर ‘मार्कर’, म्हणजे कॅन्सरचा स्वभाव सांगणारी प्रथिनं आणि जीन, शोधायला लागतो. तिथे पी५३, केआय-६७, ई-कॅडहेरिन, एमएमपी-९, पीडी-एल१ अशी नावांची रांगच लागलेली असते. प्रत्येक नावाचा कुठल्या ना कुठल्या अभ्यासात आयुष्यमानाशी संबंध सापडलेला असतो, त्यामुळे सगळंच करून घ्यावंसं वाटतं. हे लिखाण फाइल सांभाळणाऱ्या त्या माणसासाठी आणि त्याच्या फॅमिली डॉक्टरसाठी, डेंटिस्टसाठी आहे.

कसोटी एकच लावायची. टेस्टचं उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती टेस्ट आत्ता कशाला? या कसोटीला तोंडाच्या कॅन्सरमध्ये आज फार थोडे मार्कर उतरतात. आजार पसरणार की नाही हे सांगणाऱ्या सगळ्यात भरवशाच्या खुणा अजूनही साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरच दिसतात आणि त्या मिलिमीटरमध्ये मोजलेल्या असतात. म्हणून आधी मिलिमीटर वाचायचे, मार्कर नंतर.

सुरुवात बरणीपासून

मार्करची टेस्ट बिघडते ती बहुधा बरणीतच. काढलेला तुकडा तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहा पट हवं. अर्धा जबडा छोट्या बरणीत कोंबला तर बाहेरचा थर पक्का होतो, आतला भाग सडत राहतो. मग आतल्या भागावर केलेली कुठलीही रंगपरीक्षा, म्हणजे एखादं प्रथिन शोधायला स्लाइडवर रंग चढवून केलेली टेस्ट, विश्वासाची राहत नाही. फॉर्मलिनमध्ये निदान ६ तास आणि शक्यतो ७२ तासांच्या आत, हे गणित सांभाळायचं. शनिवारी दुपारी केलेली बायोप्सी सोमवारी संध्याकाळी लॅबमध्ये उघडली तरी चालतं. जोडून सुट्टी आली की तुकडा आठवडाभर बुडून राहतो आणि डीएनए तुटायला लागतो.

लहान गावांत हमखास होणारी चूक म्हणजे फॉर्मलिन संपलंय म्हणून बायोप्सी सलाइनमध्ये टाकून शहरात पाठवणं. पोचेपर्यंत पेशी विरघळायला लागलेल्या असतात, रिपोर्टवर ‘ऑटोलायसिस’ येतं आणि पेशंटला पुन्हा तोंड उघडावं लागतं. गुटखा-सुपारीने ज्याचं तोंड दोन बोटंच उघडतं, त्याला ही शिक्षाच असते.

बायोप्सी घ्यायची जागाही महत्त्वाची. जखमेच्या मधोमध पांढरट मेलेला थर असतो, तिथला तुकडा घेतला तर हाती नुसता कचरा लागतो. जिथे गाठ निरोगी त्वचेला भिडते ती कड घ्यावी आणि तुकडा पुरेसा खोल असावा. तंबाखू-चुना ठेवायच्या जागेवर जाड, खरखरीत, पांढरा चट्टा असेल तर वरवरच्या तुकड्यात केवळ जाड झालेला थर दिसतो आणि पॅथॉलॉजिस्टला ‘खाली शिरलंय की नाही सांगता येत नाही’ असं लिहावं लागतं.

जबड्याचं हाड काढलं असेल तर आणखी एक सापळा असतो. हाड कापता यावं म्हणून ते ॲसिडमध्ये ठेवून मऊ करतात आणि ॲसिड डीएनएची वाट लावतं. त्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) पुढे जीन टेस्ट करायची म्हटली तर ‘सॅम्पल अनुपयुक्त’ असा शेरा येतो. उपाय सोपा आहे, पण आधी सांगावा लागतो: गाठीचा मऊ भाग ॲसिडला न लावता वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा. हाडातलीच गाठ हवी असेल तर ॲसिडऐवजी ईडीटीए हे हाड हळूहळू मऊ करणारं रसायन वापरा. वेळ जास्त लागतो, पण माल शाबूत राहतो.

मिलिमीटर कसे वाचायचे

पहिला आकडा डेप्थ ऑफ इन्व्हेजन, म्हणजे डीओआय. बाजूच्या निरोगी त्वचेचा तळ ही जमीन समजा. त्या पातळीपासून गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा आणि गाठीची सगळ्यात खोल पेशी कुठे सापडते ते मोजायचं. गाठीची जाडी ही वेगळी गोष्ट. फुलकोबीसारखी वर आलेली गाठ १५ मिमी जाड आणि फक्त ४ मिमी खोल असू शकते. खड्डा पडलेल्या अल्सरचं उलटं, जाडी कमी आणि खोली जास्त. रिपोर्टवर नुसतं ‘थिकनेस’ लिहिलं असेल तर डीओआय किती, हे विचारून घ्या.

हा आकडा २०१८ पासून लागू झालेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीत थेट टी-स्टेजमध्ये, म्हणजे मुख्य गाठीच्या स्टेजमध्ये, शिरला. ५ आणि १० मिमी या दोन पायऱ्या लक्षात ठेवायच्या. २ सेमीपर्यंतची गाठ ५ मिमीपर्यंत खोल असेल तर टी१, त्यापेक्षा खोल गेली की टी२. २ ते ४ सेमीची गाठ १० मिमीच्या पुढे खोल गेली की टी३. जुनी, आकारावरची पद्धत डोक्यात असलेला माणूस ‘गाठ तर तीनच सेमीची, मग टी३ कशी?’ म्हणून चक्रावतो, ते यामुळे.

मग मानेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड. टाटा मेमोरियलने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ट्रायलमध्ये असं दिसलं, की सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटमध्ये मानेत काही लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेच्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते. गाठी फुगल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांमध्ये हाच आकडा ६७.५ टक्के होता. रिपोर्टवर दोन आकडे बघा: किती गाठी तपासल्या आणि किती पॉझिटिव्ह निघाल्या. मर्यादित मान-शस्त्रक्रियेत निदान १० आणि मोठ्या शस्त्रक्रियेत निदान १५ गाठी मिळणं अपेक्षित असतं. ‘०/५’ दिसलं तर ते शून्य फार दिलासा देणारं नाही. चरबीत आणखी गाठी शोधता येतील का, हे लॅबला विचारता येतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ईएनई. कॅन्सर गाठीच्या कवचाच्या आत आहे की कवच फोडून बाहेरच्या चरबीत उतरलाय? नमुन्यादाखल रचलेला एक रिपोर्ट पाहू.

‘डावा बक्कल म्युकोसा. गाठ ३.२ × २.५ × १.४ सेमी. थिकनेस १३ मिमी, डीओआय ११ मिमी. डब्ल्यूपीओआय-५. पीएनआय आहे. एलव्हीआय नाही. सगळ्यात जवळचा मार्जिन खोल बाजूचा, ४ मिमी. गाठी २/३४, दोन्ही डाव्या बाजूच्या, मोठी १.८ सेमी, ईएनई आहे, १.५ मिमी.’

बक्कल म्युकोसा म्हणजे गालाची आतली बाजू. स्टेजमधला ‘पी’ म्हणजे ऑपरेशननंतरच्या तपासणीवरून ठरलेली, ‘टी’ म्हणजे मुख्य गाठ, ‘एन’ म्हणजे मानेच्या गाठी. आकार ३.२ सेमी, पण डीओआय १० च्या पुढे, म्हणून पीटी३. एकाच बाजूच्या दोन छोट्या गाठी, कवच शाबूत असतं तर पीएन२बी. दीड मिलिमीटरने कवच फुटलंय, म्हणून थेट पीएन३बी आणि स्टेज चार-बी. ३ सेमीपर्यंतची एकच गाठ असती आणि तिचं कवच फुटलं असतं, तर पीएन२ए. दीड मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं अंतर, आणि तेवढ्यावर शेक (रेडिएशन) एकटा द्यायचा की किमोसोबत हे ठरतं.

कारण असं: ईएनई आणि पॉझिटिव्ह मार्जिन (कापलेल्या कडेला टेकलेला कॅन्सर), या दोन गोष्टींत शेकासोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दिल्याचा फायदा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये दिसला. बाकीच्या खुणा, म्हणजे नसेभोवती पसरणं (पीएनआय), रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरणं (एलव्हीआय), टी३-टी४, एकाहून जास्त गाठी, या सहसा शेकाकडे बोट दाखवतात. शेक साधारण ६० ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप), धोका जास्त असेल तिथे ६६ पर्यंत, आणि तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. हे सहा आठवडे भिंतीवर लिहून ठेवा. मार्करच्या रिपोर्टची वाट बघत शेक लांबवण्याइतकी महाग चूक दुसरी नाही.

मार्जिनचा हिशोब: शाई लावलेल्या कडेपासून कॅन्सर ५ मिमी किंवा जास्त लांब असेल तर क्लिअर, त्याच्या आत असेल तर क्लोज, कडेला टेकला असेल तर पॉझिटिव्ह. अनेक ठिकाणी १ मिमीच्या आतलंही पॉझिटिव्हच धरतात. कापलेला तुकडा आक्रसतो, आणि फॉर्मलिनमध्ये आणखी थोडा. सर्जनने एक सेमी सोडून कापलेली कड रिपोर्टवर ६-७ मिमी भरली तर त्यात कुणाची लबाडी नसते.

डब्ल्यूपीओआय-५ ही सगळ्यात दुर्लक्षित ओळ. गाठीची पुढची आघाडी कशी सरकतेय, याचं ते वर्णन आहे. एकसंध भिंतीसारखी आघाडी बरी. मुख्य गाठीपासून १ मिमी किंवा जास्त अंतरावर पेशींची सुटी बेटं दिसली की तो पाचवा, वाईट प्रकार. अशीच खूण म्हणजे ट्यूमर बडिंग, एक ते चार पेशींचे सुटे पुंजके. लहान, टी१-टी२ गाठींमध्ये या ओळींचं वजन जास्त असतं. रिपोर्टमध्ये त्या नसतील तर पॅथॉलॉजिस्टला त्याच स्लाइडवर बघून पुरवणी रिपोर्ट देता येतो. नवा तुकडा लागत नाही, किट लागत नाही.

कॅन्सर पसरतो तेव्हा आत काय होतं

वर सांगितलेली सुटी बेटं कशी तयार होतात, हेच खरं तर पसरण्याच्या मार्करांचं शास्त्र. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन. तपकिरी रंग चढवलेल्या स्लाइडवर गाठीच्या मधल्या भागात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. तिथून नजर आघाडीकडे सरकवली की रेघा फिक्या होतात, तुटतात, आणि टोकाच्या पेशी लांबुळक्या, एकट्या पडलेल्या दिसतात. बंध सुटले, आता त्या सरकायला मोकळ्या. त्यांच्या वाटेतला तळाचा पडदा टाइप-४ कोलॅजनचा. तो विरघळवण्याचं काम एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम्स करतात. लॅमिनिनची गॅमा-२ साखळी आणि पोडोप्लॅनिन ही प्रथिनंही याच आघाडीवर जास्त दिसतात.

२०१७ मध्ये अमेरिकेत डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १८ पेशंटच्या गाठींतल्या सुमारे ६ हजार पेशी सुट्या करून एकेक तपासल्या गेल्या. आघाडीवरच्या पेशी आपलं रूप अर्धंच बदलतात, ई-कॅडहेरिन पूर्ण टाकत नाहीत, असं त्यात दिसलं. या अर्धवट रूपबदलाची पातळी मानेच्या गाठी आणि स्लाइडवरच्या इतर वाईट खुणा यांच्याशी जुळत होती. यावरून रोजच्या कामाला एक धडा मिळतो: आख्ख्या स्लाइडची सरासरी काढून दिलेला ‘ई-कॅडहेरिन ७० टक्के’ हा आकडा फारसा कामाचा नाही. बातमी कडेवर असते, आणि लॅबने कड सोडून मधलाच भाग मोजला की ती हुकते. अशा मार्करना सर्वमान्य कटऑफ नाही, लॅबागणिक आकडा बदलतो, आणि आकडा आला तरी सर्जन किंवा रेडिएशनवाला काही वेगळं करत नाही. म्हणून ते संशोधनात ठेवायचे, बिलात नकोत.

जीनच्या पातळीवर टीपी५३ सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला सापडतो. पेशींचं विभाजन पुढे ढकलणाऱ्या सायक्लिन डी१ चा जीन असलेला ११क्यू१३ हा क्रोमोसोमचा तुकडा अनेक गाठींमध्ये वाढलेला असतो आणि मानेत पसरण्याशी त्याचा संबंध वारंवार दिसलाय. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जीन-नकाशा पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या एनआयबीएमजी आणि नवी मुंबईच्या ॲक्ट्रेक या संशोधन संस्थांनी मिळून काढला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीपी५३, एफएटी१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ यांच्यासोबत यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावं त्यात होती. तंबाखू तोंडात धरणाऱ्यांचा कॅन्सर समजून घ्यायला हे काम मोलाचं आहे. पेशंटच्या गोळ्या मात्र त्यावरून अजून बदलत नाहीत.

पी५३ ची रंगपरीक्षा केली असेलच तर ‘निगेटिव्ह’ वाचून हुश्श करू नका. निरोगी जीन असेल तर पेशी ठिकठिकाणी, कमी-जास्त रंगतात. बिघडलेल्या जीनची दोन चित्रं असतात: सगळ्या पेशी गडद, किंवा एकही पेशी रंगलेली नाही. दुसऱ्या प्रकारात प्रथिनच तयार होत नाही, म्हणजे कोरं चित्रसुद्धा बिघाडच असू शकतं. बाजूच्या निरोगी पेशी रंगल्या आहेत ना, हे त्याच स्लाइडवर बघायचं. त्याही कोऱ्या असतील तर टेस्टच फसलीय.

मागायचं काय

पीडी-एल१ (कॅन्सरला शरीराच्या प्रतिकारापासून लपवणारं प्रथिन), आणि तोही योग्य वेळी. आजार परत आला, लांब पसरला, किंवा काढता येण्याजोगी पण मोठी गाठ असून ऑपरेशनच्या आधी इम्युनोथेरपीचा विचार चालू आहे, तेव्हा हा मार्कर निर्णय बदलतो. परतलेल्या किंवा पसरलेल्या आजारात सीपीएस (पीडी-एल१ चा स्कोअर, गणित खाली आहे) १ किंवा वर असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एकटं देता येतं. किमोसोबत द्यायचं तर सीपीएसची अट नसते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ऑपरेशनच्या आधी आणि नंतर देण्यासाठी त्याला मान्यता दिली, तिथेही अट सीपीएस १ चीच.

सीपीएसचं गणित असं: रंगलेल्या कॅन्सर पेशी, अधिक रंगलेले लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (शरीराच्या प्रतिकाराच्या पेशी), भागिले सगळ्या जिवंत कॅन्सर पेशी, गुणिले १००. ४०० कॅन्सर पेशींत ६० रंगल्या आणि आजूबाजूला ३६ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगले, तर ९६ भागिले ४००, म्हणजे सीपीएस २४. उत्तर १०० च्या वर गेलं तरी १००च लिहितात. टीपीएस हा वेगळा आकडा. त्यात फक्त कॅन्सर पेशी धरतात, इथे तो १५. फॉर्मवर ‘सीपीएस’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये टीपीएस देण्याच्या सवयीने इथेही टीपीएसच येतो. रंग चढवायला वापरलेल्या अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे नेमका प्रकारही रिपोर्टवर हवा. पेम्ब्रोलिझुमॅबच्या ट्रायल्स २२सी३ वर झाल्या आहेत.

इथे चुका कुठे होतात? १०० पेक्षा कमी जिवंत कॅन्सर पेशी असलेल्या तुकड्यावर आकडा देणं. प्लाझ्मा पेशी, न्यूट्रोफिल आणि मेलेला भाग मोजणीत घेणं. गाठीच्या जवळ नसलेल्या लिम्फोसाइट मोजणं. छोट्या बायोप्सीत ० आला तर मोठ्या तुकड्यावर पुन्हा बघण्यात अर्थ आहे, कारण रंग सगळीकडे सारखा चढत नाही.

आणि सीपीएस कमी आला, किंवा पूर्ण डोसचा खर्च झेपत नाही, म्हणून सगळं संपलं असं नाही. टाटा मेमोरियलच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये आजार नियंत्रणात ठेवण्यापुरत्या उपचारावर असलेल्या पेशंटना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिग्रॅ डोस दर तीन आठवड्यांनी दिला. एका वर्षाने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा पर्याय ऑन्कोलॉजिस्टला विचारायलाच हवा.

मागायचं काय नाही

पी१६. ‘पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे चांगला कॅन्सर’ हे वाक्य टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या, एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरचं आहे. तिथे ७० टक्के किंवा जास्त पेशींत, केंद्रकात आणि बाहेरही, ठळक रंग हवा असतो. गाल, हिरडी आणि जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग इथे पी१६ वरून एचपीव्ही ठरत नाही आणि उपचारही बदलत नाही. रिपोर्टवर नुसतं ‘टंग’ असेल तर पुढची की मागची, हे आधी स्पष्ट करून घ्या.

ईजीएफआर या पेशीची वाढ चालवणाऱ्या प्रथिनाची रंगपरीक्षाही सोडा. बहुतेक गाठी पॉझिटिव्ह येतात, आणि सेटुक्सिमॅब किंवा निमोटुझुमॅब ही ईजीएफआरविरोधी औषधं द्यायची की नाही ते या आकड्यावर ठरत नाही. केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा मार्कर) चंही तेच. एचपीव्हीच्या घशाच्या कॅन्सरमध्ये रक्तातला विषाणूचा डीएनए उपयोगी पडतो. तंबाखूच्या गालाच्या कॅन्सरमध्ये विषाणूच नसतो, मग शोधणार काय?

मोठं जीन पॅनेल (एकाच वेळी अनेक जीन तपासणारी टेस्ट) करायचं ते नेहमीचे उपचार संपत आले असतील आणि एखाद्या ट्रायलमध्ये जायची तयारी असेल तर. ब्लॉकमध्ये कॅन्सर पेशी साधारण २० टक्के तरी हव्यात, हे लॅबला आधी विचारा. कमी असतील तर ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘शोधताच आलं नाही’ असा असतो.

ब्लॉक सांभाळा

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जाताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. ब्लॉकवरचे नंबर रिपोर्टशी ताडून बघा, आणि ‘सगळ्यात जास्त गाठ कुठल्या ब्लॉकमध्ये’ हे लॅबकडून लिहून घ्या, म्हणजे पुढची टेस्ट भलत्याच ब्लॉकवर होत नाही. कापलेल्या कोऱ्या स्लाइड महिनोन्‌महिने ठेवल्या तर रंग नीट चढत नाही, त्यामुळे टेस्ट ठरल्यावरच कापायला सांगा. बाहेरच्या लॅबला ब्लॉक दिला की नंबर टाकून पोच घ्या आणि उरलेला ब्लॉक परत मागा. आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडून मुंबईला निघाला असाल तर ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं.